दुसरा मॉनिटर

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरची देखभाल करतो. आमच्याकडे टेबलावर मोठी खोकी नाहीत. जेवणाच्या डब्याएवढी एक डबी आणि तिला जोडलेला मॉनिटर, एवढंच. बाकी सगळं मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर चालतं. त्यामुळे कुठल्याही टेबलावर बसा, आपलं नाव आणि पासवर्ड टाका, अर्धवट राहिलेलं काम जिथल्या तिथे उघडतं. या गोष्टीचं मला भारी कौतुक. नवीन माणूस आला की मी हे ऐकवणारच.

ताईंनाही ऐकवलं होतं. ताई ऑर्डरी टाइप करायच्या, भोकरदनहून रोज एसटीने यायच्या. नवरा अंथरुणाला खिळलेला, आणि या नोकरीच्या भरवशावर मुलीला नर्सिंगला घातलेलं. दसऱ्याला ऑफिसात सगळ्यांच्या आधी त्यांच्या मॉनिटरला हळदकुंकू लागायचं. त्या कुंकवाचं बोट पुढे कितीतरी महिने चौकटीवर तसंच असायचं.

यंदा नवे साहेब आले. म्हणाले, "एका टेबलावर दोन मॉनिटर लावा. एकावर ऑर्डर, दुसऱ्यावर गोदामातला माल. एक माणूस दोघांचं काम करेल." मी विचारलं, नवे मॉनिटर कधी येणार? "नवे कशाला? शेजारच्या टेबलावरचे घ्या की."

आयजीच्या जिवावर बायजी उदार! मग त्या टेबलावरच्या माणसांचं काय, म्हटलं, तर साहेब फोनमध्ये बघत बोलले, "ते त्यांना तुम्हीच सांगा." असा संताप आला की डबी उचलून त्यांच्या केबिनच्या काचेवर घालावी. पण मलाही घर आहे.

ताईंचा मॉनिटर शेजारच्या कारकुनाला द्यायचा होता. ताईंना वाटलं, आज त्याला दोन मिळतायत, उद्या आपल्याला. त्यांनी हौसेने वायर धरली. "बराबर बसली का?" म्हणून विचारत राहिल्या. मी दोनदा सांगायला तोंड उघडलं आणि दोन्हीदा वायरचंच काहीतरी बोललो.

दोन्ही मॉनिटर जोडून पडदा सलग केला. कुठला पडदा कितवा ते कळावं म्हणून कारकुनाच्या मॉनिटरवर मोठा १ उमटला, ताईंच्या मॉनिटरवर २. माऊसचा बाण मात्र भलत्याच बाजूने बाहेर पडत होता. क्रम उलटा करून दिला, तसा तो सरळ पलीकडे गेला आणि कुंकवाच्या बोटाशेजारी थांबला.

"जमलं की! आता जल्दी माझ्या टेबलाचं बघा भाऊ, लई ऑर्डरी पडल्यात."

मग नोकरी गेल्याचं सांगावंच लागलं. कारकून मान खाली घालून बसला. ताई रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. पर्स खांद्याला लावून त्यांनी सगळ्या ऑफिसभर एकदा नजर फिरवली.

"भाऊ, तुम्हीच म्हणल्ता ना, कुठंबी बसलं तरी आपलं काम तिथं सापडतं. मंग सांगा, मी कुठं बसू?"