महिपतच्या हाताचा ठावठिकाणा

भैंसा गावच्या कापूस बाजारात महिपतला फारसं बोलावं लागत नसे. कापसाची बैलबंडी येऊन उभी राहिली की अडते माणिकशेठ त्याला हाक मारत. महिपत बंडीत कोपरापर्यंत हात खुपसून तळातला मूठभर कापूस काढी, सरकी बाजूला करी आणि उरलेली चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या बोटांत धरून हलकेच ओढी. ओढली, अर्धी टाकली, पुन्हा ओढली. डोळे तोवर भलतीकडेच, बहुधा चहाच्या गाडीवर. मग तो म्हणे, "ओल हाय, पण धागा लांब हाय." तेवढ्यावर भाव ठरे आणि शेतकरीही कुरकुर करत नसे. त्याच्या बापाने याच शेतकऱ्यांच्या वावरांत कापूस वेचण्यात जन्म घातला होता. आता पोरगा त्यांच्याच कापसाला नावं ठेवी आणि ते मान डोलवत. याचा महिपतला केवढा आनंद होता हे तो कोणाला सांगत नसे, पण होता.

तीस वर्षं त्या बोटांनी हेच काम केलं, त्यामुळे ती रिकामी बसायचं विसरली होती. जेवण झाल्यावर, एसटीत, मयताला गेला तरी महिपतचा अंगठा बोटावर घासत राहायचा, नसलेली रुई ओढत राहायचा. बायको बयनाबाई आधी चिडवायची, मग तिनेही सोडून दिलं. त्याला स्वतःला तर याचा पत्ताच नव्हता.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर भर बाजारात त्याचा उजवा हात आपोआप नाचू लागला. मिनिटभर नाचला आणि लुळा पडला. लोक म्हणाले, महिपत घेऊन आला. चहापलीकडे न गेलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. पण महिन्यात चार वेळा तसंच झालं तेव्हा लोकांचीही तोंडं बंद झाली. नांदेडच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला आणि थेट हैदराबादची चिठ्ठी दिली.

हैदराबादच्या त्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर पद्मजा नावाच्या बाई होत्या. त्या हिंदीत बोलत, आणि व्यापाऱ्यांत वावरलेल्या महिपतला हिंदी चांगली यायची. म्हणजे शब्द कळायचे. मेंदूच्या डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आहे, असं त्या म्हणाल्या.

"हात तं उजवा नाचते," महिपत बयनाबाईला हळूच म्हणाला. "बाईनं दुसऱ्याचा फोटो पायला वाट्टे."

उजव्या हाताचा कारभार डावीकडून चालतो, हे बाईंनी दोनदा सांगितलं. गाठ काढली नाही तर फिट वाढत जाणार. काढावी, तर ती हाताच्या जागेला खेटून असावी असा संशय होता. पण नेमकी ती जागा कुठे, हे प्रत्येकाच्या डोक्यात थोडं इकडेतिकडे असतं, आणि गाठीने ती सरकवलेलीही असू शकते. अंदाजाने चाकू लावला तर गाठीबरोबर हातही जायचा. म्हणून आधी हाताची जागा शोधायची.

"हात राहील ना?" महिपतने विचारलं. त्याला दुसरं काही विचारायचंच नव्हतं.

"पहले पता तो ढूँढने दो," बाई म्हणाल्या.

शोधायचं यंत्र नवीन होतं. त्यात मोठं चुंबक होतं, म्हणून महिपतच्या करदोड्याची सेफ्टी पिनसुद्धा काढून घेतली. बाई सांगत होत्या, मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे ताजं रक्त जास्त धावतं. ताजं रक्त आणि वापरलेलं रक्त यांचा चुंबकापुढे वागण्यात जरासा फरक असतो, तेवढा यंत्राला ओळखू येतो. रक्त पोचायला पाच-सहा सेकंद लागतात, तेही हिशेबात धरावं लागतं. यंत्र विचार पाहत नाही, फक्त रक्त पाहतं. महिपतने मान हलवली. डोक्यात फक्त एवढं शिरलं की आत पडायचं, अर्धा मिनिट उजवी मूठ उघडझाप करायची, अर्धा मिनिट थांबायचं, आणि असं सहा वेळा.

आत त्या नळीत पत्र्यावर हातोडे पडावेत तसा आवाज सुरू झाला. महिपतने तरीही मूठ इमानदारीने चालवली. थांबा म्हटलं की थांबला. बाहेर आला तर बाई चित्र पुन्हा पुन्हा मागेपुढे करून पाहत होत्या.

चित्रात हाताच्या जागी काहीच उमटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तेव्हाही तसंच. यंत्र बिघडलं असावं म्हणून बाईंनी त्यांच्याकडच्याच एका माणसाला आत घातलं, तर त्याचा हात ठळक दिसला. आता महिपतचं धाबं दणाणलं. हात तर समोर होता, पाची बोटं हलत होती, आणि डोक्यात म्हणे त्याचा मागमूस नाही. मग इतकी वर्षं हे हलवून कोण राह्यलं होतं? रात्री त्याला जेवण गेलं नाही. बयनाबाईने धीर द्यायचा प्रयत्न केला, पण तिलाच काही उमगत नव्हतं. हात गाठीनं खाल्ला असंल, एवढंच तिच्या मनात येत होतं आणि ते तर बोलून दाखवायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बाईंनी तिला काचेपलीकडे आपल्याजवळ उभं केलं. नळीतून महिपतचे पाय आणि चादरीवर ठेवलेला उजवा हात दिसत होता. मूठ उघडली, मिटली, उघडली, मिटली. मग थांबायची वेळ आली. बयनाबाई पुढे झुकली.

"वो कापूस देख रहे," ती म्हणाली.

बाईंना कळेना. तिने आपला अंगठा बोटावर घासून दाखवला. मूठ थांबली होती, पण बोटं थांबली नव्हती. ती रुई ओढत होती.

बाईंनी कपाळाला हात लावला. महिपतला बाहेर काढून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं: यंत्र वजाबाकी करतं. कामाच्या वेळचं चित्र, त्यातून विसाव्याच्या वेळचं चित्र वजा, उरेल ती हाताची जागा.

"भरली बंडी काट्यावर तोलायची, मंग रिकामी तोलायची," महिपत सावकाश म्हणाला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला काहीतरी कळलं होतं. "अन् मी बंडी रिकामीच केली नाही."

हात होता तर. तो इतका हसला की बयनाबाईला भीती वाटली, आता फिट येते की काय.

पण रिकामी करायची कशी? मनातसुद्धा कापूस नको, असं बाईंनी बजावलं. तळहात उशीवर पसरून बोटं फाकवून ठेवली. महिपतने डोळे मिटून कापसाची पऱ्हाटी उपटलेलं वावर आठवलं, नुसती काळी माती, एक बोंड नाही. सगळं लक्ष त्या मातीवर ठेवलं. बोटं दोनदा वळवळली आणि मग निवांत झाली. संध्याकाळी बाईंनी चित्र दाखवलं: राखाडी मेंदूवर एक तांबडा-पिवळा ठिपका, गाठीच्या पुढच्या कडेला, पण तिच्या बाहेर.

"ये रहा आपका हाथ," बाई म्हणाल्या. "बच जाएगा."

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी ठिपक्याला धक्का न लावता गाठ मागच्या बाजूने काढली. टाके काढताना मूठ मिटवून पाहिली, जोर पाहिला, एकेक बोट हलवून पाहिलं. सगळं जागच्या जागी. फिटही थांबली. बोटं जराशी बधिर वाटत, पण ते आजारपणाचं असं महिपतने धरलं. महिपत बाईंच्या पाया पडायला वाकला, तेव्हा त्यांनी त्याला धरून उभं केलं.

अठ्ठ्याण्णवचा हंगाम सुरू झाला. पहिल्याच दिवशी माणिकशेठनी हाक मारली. डॉक्टरांनी एकटं सोडू नका म्हटल्यामुळे बयनाबाई सोबत होती. महिपतने बंडीत हात खुपसला, मूठभर कापूस काढला, सरकी बाजूला केली. रुई ओढली, अर्धी टाकली, पुन्हा ओढली. बोटं अगदी पहिल्यासारखी चालत होती. डोळे सवयीने चहाच्या गाडीकडे गेले, आणि तो थांबला.

उजवी बोटं काही सांगत नव्हती, आणि डाव्या हाताने तर जन्मभर नुसतं धरायचं काम केलेलं. ओल नाही, धागा नाही. रुई उजव्या चिमटीत आहे की खाली पडली, हेसुद्धा कळेना. त्याने वळून पाहिलं. रुई चिमटीतच होती.

त्याने दुसरी मूठ काढली. तिसरी काढली. शेतकरी वाट पाहत होता. यंत्राला मुठीची जागा विचारली होती, त्याने मुठीची सांगितली. बोटांना कापूस कळतो ती जागा वेगळी, मुठीच्या मागे, जिथून गाठ काढली तिथेच; ती कोणी विचारलीच नव्हती. उलट ती मध्ये येते म्हणून महिपतनेच ती महाप्रयासाने गप्प बसवली होती.

"काऊन, काय झालं?" शेठ म्हणाले.

महिपतने रुई बयनाबाईपुढे धरली. "पाय बरं. कसा हाय?"

सात वर्षांची असल्यापासून तिने कापूस वेचला होता, पण तिला कधी कोणी विचारलं नव्हतं. तिने ओढून पाहिलं, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "कोरडा हाय. धागा आखूड."

"कोरडा हाय, धागा आखूड," महिपत मोठ्याने म्हणाला. शेठनी भाव सांगितला, शेतकऱ्याने मान डोलवली.

बंडी पुढे सरकली तेव्हा महिपत बायकोकडे न पाहता म्हणाला, "बयना, त्या दिवशी तू बाईले सांगितलं नसतं, मी कापूस पाहून राह्यलो म्हणून, तं काय झालं असतं?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला खरंच ठाऊक नव्हतं म्हणून तो विचारत होता. बयनाबाईला मात्र वाटलं, त्याचा कापूस आपणच घालवला. तेवढ्यात पुढची बंडी येऊन लागली, आणि तिने त्याच्या आधी हात खुपसला.