तिकीट आणि दुधाची रांग

राजकारणातली माझी पहिली सभा मी ऐन डेअरीला दूध घालायच्या वेळेला ठेवली. नव्वदचं दशक सरत आलं होतं. परदेशातल्या वकिलातींमधली नोकरी सोडून मी विधानसभेच्या तिकिटामागं लागलो होतो. गारगोटीजवळच्या एका गावात माझ्यासाठी माणसं किती जमतात, हे बघून पक्षाचे जिल्हाध्यक्ष काय ते ठरवणार होते. वकिलातीत सहा म्हणजे सहा, म्हणून मी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला मंडपात हजर! समोर नुसत्या रिकाम्या खुर्च्या.

"माणसं कुठायत?" मी माईकवाल्याला विचारलं.

"डेअरीत गेल्यात की समदी. ह्या वक्ताला सभा ठेवली तरी कुनी?"

"बघतो चौकशी करून," मी म्हणालो. इतक्या वर्षांची मुत्सद्देगिरी तेवढ्यापुरती कामी आली.

तेवढ्यात अध्यक्षांची गाडी फाट्यावर आल्याचा निरोप आला. मी माईक उचलायला लावला, डेअरीकडं धावलो आणि दारातच उभा राहून किटल्या घेतलेल्या रांगेपुढं भाषण ठोकायला लागलो. अध्यक्ष उतरले, चावडीपर्यंत गेलेली रांग बघून खूश झाले. "गर्दी झकास हाय की! तिकीट पक्कं समजा," ते कानात म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. त्या भरात मी आवाज आणखी चढवला, तशी रांगेतली पहिली आजी किटली आपटून ओरडली,

"ओ पावणं, भाषण उद्या बी चालंल, दूध नासंल. आदी दारातनं बाजूला व्हा!"