तांबड्या मातीतले रणगाडे

कुठलंही किट जोडून पूर्ण झालं, की डब्यात चार-दोन भाग उरतातच. एखादं चाक, एखादी कडी, एखाद्या सैनिकाचं नुसतं धड. ते कशाचे हे कोणालाच सांगता येत नाही, आणि टाकवत तर मुळीच नाहीत. आमच्या मंडळाचे किस्सेही असेच साठले आहेत.

मंडळ म्हणजे मी, दातांचे डॉक्टर पाटणकर आणि मिरकरवाड्यात होड्यांवर नावं रंगवणारे सलीमभाई. दर रविवारी सकाळी माझ्या पडवीत बसून आम्ही प्लास्टिकचे सुटे भाग जोडतो आणि लष्करी गाड्या बनवून रंगवतो. माप खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचं. म्हणजे रणगाडा वीतभर आणि सैनिक दोन इंच. रत्नागिरीत आंबा आणि भाऊबंदकीचे दावे यांपलीकडे काही तयार होत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा येऊन आमचं कपाट पाहावं.

*

निवृत्तीनंतर मी पहिला रणगाडा जोडला, तेव्हा कचेरीतले जुने सहकारी शिर्के घरी आले होते. त्यांनी तो चारी बाजूंनी न्याहाळला.

"चालतो का हा?"

"नाही."

"तोफ उडते?"

"नाही."

"मग टेबलावर नुसता बसून करतो काय?"

"शिर्के," मी म्हटलं, "आपण दोघांनी तेहतीस वर्षं काय केलं?"

शिर्के चहा न संपवता गेले. अजून बोलतात, पण जपून.

*

रणगाडा नुसता रंगवून भागत नाही, तो मळवावा लागतो. कडांना रंग उडालेला, बोल्टांखाली गंज, चाकांत चिखल. नवाकोरा रणगाडा खेळणं वाटतो. या कलेत डॉक्टरांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांच्याकडे हत्यारंही बारीक, आणि पेशंट येत नाहीत तेव्हा सरावाला वेळही भरपूर.

एकदा एका बाईंना त्यांनी दातावर नवी टोपी बसवली. बाईंनी आरसा पाहिला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, हा एकटाच फार पांढरा दिसतो हो."

डॉक्टर आदल्या दिवशीच्या रणगाड्याच्या विचारात होते. म्हणाले, "काळजी करू नका. कडेने जरासा गंज दाखवला की खरा वाटेल."

बाई खुर्चीतून उतरल्या त्या थेट चिपळूणच्या डॉक्टरांकडे गेल्या.

*

सलीमभाईंचा हात मात्र देवाघरचा. हलत्या होडीवर उभं राहून हातभर अक्षरं काढणारा माणूस, टेबलावर स्थिर असलेल्या रणगाड्यावर तांदळाएवढा आकडा काढताना श्वाससुद्धा रोखत नाही. पण पहिल्याच दिवशी ते अडून बसले.

"भाऊ, नाव काय टाकू?"

"नाव नसतं. नंबर असतो."

"बिननावाची गाडी बाहेर कशी काढायची?"

मिरकरवाड्यात बिननावाची होडी कोणी पाण्यात घालत नाही. मी बरंच समजावलं. त्यांनी नंबर टाकला आणि रणगाडा गुपचूप ठेवून दिला. महिन्याभराने कपाट पुसताना आमच्या हिच्या हातून तो उलटा झाला. जर्मन रणगाड्याच्या पोटाखाली सुरेख मराठी अक्षरांत लिहिलं होतं, 'सुलभा'.

"लढाईवर पाठवायला तुम्हांला मीच सापडले का?" ती म्हणाली. पण तेव्हापासून कपाट ती स्वतः पुसते, आणि त्या रणगाड्याला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.

*

आता आमच्या अपमानाची गोष्ट. पुण्याला अशा मॉडेल्सची स्पर्धा भरते. आम्ही सहा रणगाडे घेऊन गेलो. एक आफ्रिकेच्या वाळवंटातला, एक रशियाच्या बर्फातला, बाकीचे इकडचे तिकडचे. चिखलासाठी आमची खास पद्धत होती. अंगणातला जांभा घासायचा, पूड वस्त्रगाळ करायची आणि रंगात कालवून चाकांना लावायची. बाजारात मिळणाऱ्या चिखलाच्या बाटल्यांना आम्ही हसत असू.

परीक्षक गळ्यात भिंग अडकवलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. ते पहिल्या रणगाड्यापासून सहाव्यापर्यंत गेले, पुन्हा पहिल्याशी आले आणि म्हणाले, "महायुद्ध रत्नागिरीत झालं होतं का?"

सगळा हॉल हसला. तोवर आमच्या तिघांच्याही लक्षात आलं नव्हतं. माती म्हणजे तांबडी, यात विचार करण्यासारखं काय आहे? आमचे रणगाडे जगभर लढून आले होते आणि एकजात सगळे पावसाळ्यात लांज्याला जाऊन आल्यासारखे दिसत होते.

परतताना आंबा घाट उतरलो, आणि रस्त्याच्या कडा तांबड्या झाल्या. सलीमभाई खिडकीतून बघत म्हणाले, "चूक आपली नाय, भाऊ. त्यांचीच माती फिकी."

पण मला झोंबलं होतं. तेहतीस वर्षांत माझ्या एकाही फायलीवर वरून शेरा आला नव्हता, आणि इथे भरल्या हॉलमध्ये आला. मी ठरवलं, पुढच्या वर्षी एकच रणगाडा न्यायचा. एकाहत्तरच्या लढाईतला, आपल्या सैन्याचा सेंच्युरियन. आणि त्याच माणसासमोर ठेवायचा. त्याला भिंगातून एकही चूक सापडता कामा नये.

*

रणगाडा सात महिन्यांत झाला. मग तो दाखवायला जाणता माणूस हवा होता. तो डॉक्टरांना सापडला. लांज्याच्या आतल्या गावचे तांबे हवालदार कवळी करायला आले होते. पंचाहत्तरी उलटलेली, पाठ ताठ, आणि एकाहत्तरला सैन्यात सेंच्युरियनचेच ड्रायव्हर. डॉक्टरांनी त्यांना रविवारी पडवीत यायचं निमंत्रण दिलं. त्या वेळी हवालदारांच्या तोंडात कवळीच्या मापाचा साचा होता, म्हणून त्यांना नाही म्हणता आलं नाही.

ते आले. खुर्चीत बसले. सेंच्युरियनकडे पाच मिनिटं पाहत राहिले. आम्ही तिघं शाळेतल्या पोरांसारखे उभे.

"हा कोणी धुतलान?" त्यांनी विचारलं.

मग सुरुवात झाली. मागे पाण्याची बादली नाही. चहाचं भांडं नाही. ओढायचा लोखंडी दोर असा गुंडाळला, तर सोडवायला अर्धा तास जाईल, तोवर आपण मेलो. या वेळी बाटलीतला लावला तरी चिखल तांबूसच, आणि तिकडे पंजाबच्या सरहद्दीवर माती राखी, पिठासारखी. मी सगळं उतरवून घेतलं. एकूण चौदा शेरे निघाले.

निघताना मी म्हटलं, "हवालदार, लढाईची काही आठवण सांगा ना."

त्यांनी विचार केला. "रजेवर होतो. तार आली. भाताची झोडणी अर्धी राहिली."

"आणि मग?"

"मग काय. भावाने केलान पुरी."

*

तेरा शेरे महिन्याभरात निकालात काढले. चौदावा मातीचा. रत्नागिरीत बसून पंजाबची माती आणायची कुठून?

ती सलीमभाईंनी आणली. ते जयगडला एक होडी रंगवायला गेले होते. तिथे बंदरावर माल घेऊन आलेला पंजाबचा ट्रक उभा दिसला. त्यांनी सरळ जाऊन ड्रायव्हरकडे माती मागितली. सरदारजींनी आधी त्यांना नीट न्याहाळून घेतलं. पण रणगाड्यासाठी हवी आहे, आणि तोही आपल्या सैन्याच्या, हे कळल्यावर स्वतःच स्क्रूड्रायव्हर घेऊन ट्रकखाली शिरले. मडगार्डच्या आतून वाळलेल्या चिखलाची एक खपली निघाली. वरून तांबडी, खालून राखी.

सरदारजींनी ती तळहातावर ठेवून दाखवली. "ऊपर वाली आपकी, नीचे वाली हमारी."

दातांवरचं कीटण काढतात त्या हत्याराने डॉक्टरांनी एक अख्खा रविवार बसून दोन्ही थर वेगळे केले. राखी माती रणगाड्याला लागली. तांबडी टेबलावरच बशीत राहिली.

*

पुण्याला निघण्याआधीच्या रविवारी हवालदार शेवटची तपासणी करायला आले. बादली पाहिली, दोर पाहिला, मातीला भिंग लावलं. मान हलवली. माझ्या छातीत हवा भरत होती, तेवढ्यात त्यांचं बोट रणगाड्याच्या पुढच्या भागावर थांबलं.

"ड्रायव्हरचं झाकण बंद का?"

"लढाई चालू आहे ना," मी म्हटलं.

"मग मी कुठाय?"

"आत."

"ते तुम्हांला माहीत. बघणाऱ्याला काय माहीत?"

झाकण कायमचं चिकटवलेलं होतं. कापताना ब्लेड घसरलं, तर सगळं काम गेलं. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी बॅगेतून सगळ्यात बारीक ड्रिल काढलं. दीड तास ते चाललं होतं. आत हिने मिक्सर बंद ठेवला. शेवटी झाकणाच्या दोन्ही झडपा अखंड सुटल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "इतकी काळजी मी पेशंटची घेत नाही."

आता आत माणूस हवा. तो उरलेल्या भागांच्या डब्यात मिळाला, डोकं आणि धड असलेला. सलीमभाईंनी तीन केसांच्या ब्रशने त्याला वर्दी, काळी टोपी आणि झोकदार मिशी दिली. हवालदारांनी भिंगातून पाहिलं.

"मला तेव्हा मिशी नव्हती."

सलीमभाईंनी मिशी काढली. ड्रायव्हर एकदम वीस वर्षांचा दिसायला लागला. आम्ही चहाला आत गेलो. हवालदार म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, मी बसतो हितंच."

*

पुण्याला चौघं गेलो. हवालदार नवी कवळी आणि इस्त्रीचा शर्ट घालून टेबलामागे बसले. परीक्षक तेच. आम्हांला पाहून त्यांना गेल्या वर्षीचं आठवलं असावं, कारण ते जरासे हसले आणि त्यांनी भिंग डोळ्याला लावलं.

दहा मिनिटं ते वाकून पाहत होते. हसू केव्हाच गेलं होतं.

"माती कुठली?"

"पंजाबची," मी म्हटलं.

"कशावरून?"

"मडगार्डवरून," सलीमभाई म्हणाले.

परीक्षकांनी ते लिहून घेतलं. दोराशी थांबले, बादलीशी थांबले आणि प्रत्येक ठिकाणी मान हलवून पुढे गेले. मग उघड्या झाकणाशी आले आणि तिथेच थांबले.

"सगळं अचूक होतं हो," ते हळहळून म्हणाले. "पण इथे तुमची तांबडी राहिलीच. ड्रायव्हरच्या खांद्यावर."

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. मी पाहिलं. खांद्यावर मोहरीएवढा डाग होता, अस्सल आमच्या अंगणातल्यासारखा. मी सलीमभाईंकडे पाहिलं. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तांबे हवालदार ताठ उभे राहिले होते.

"रजा तोडून आलाय, साहेब," ते म्हणाले. "झटकायला वेळ नाय गावला."