काळ्या पडद्यावरचा श्री

आमच्या छापखान्यात कुठलंही काम हाती घेतलं की स्टिकमध्ये पहिला खिळा श्रीचा बसायचा. स्टिक म्हणजे डाव्या हातात धरायची लोखंडी पट्टी. तिच्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक करून लावत ओळ तयार करायची. मजकुरात श्री असो नसो, तो आधी बसवायचा, आणि सगळ्या ओळी झाल्या की मजकुरात नसलेला श्री काढून त्याच्या खणात परत ठेवायचा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मालक करायचे, म्हणून मीही करू लागले.

छापखाना कट्टा गावात, बाजारात, एसटी थांब्याच्या मागे होता. आई मासळीची पाटी घेऊन ज्या गाडीने बाजाराला यायची, त्याच गाडीने मी कामाला यायचे. माझी शाळा चौथीपर्यंत. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, त्यामुळे इंग्रजीचं एक अक्षरही माझ्या वाट्याला आलं नाही. छापखान्यात इंग्रजी मजकूर आला तर मालक स्वतः जुळवायचे. मराठीचे सगळे खण मात्र माझ्या हाताला पाठ होते. तिथे बाराखडीचा क्रम नसतो. जे अक्षर सारखं लागतं ते हाताशी, जे क्वचित लागतं ते लांबच्या कोपऱ्यात. मी बोलायला फार भिते. त्या खणांपुढे उभं राहिलं की बोलावं लागायचं नाही, म्हणूनही मला ते काम आवडायचं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मालकांनी संगणक आणला. त्यात मराठीसाठी वेगळं कार्ड बसवलेलं होतं. एक कळ दाबली की मराठी अक्षरं उमटायची, तीच पुन्हा दाबली की इंग्रजी. त्यावर मजकूर लिहायचा, शेजारच्या यंत्रातून स्टेन्सिल, म्हणजे अक्षरं कोरलेला मेणकागद, कापून घ्यायची आणि सायक्लोस्टाइलवर प्रती काढायच्या. मागच्या खोलीच्या दाराला पडदा लावला, लादी पुसून घेतली. चपला बाहेर काढून आत जायचं, देवळात जावं तसं.

यंत्र शिकवायला मालकांची पुतणी आली. ती गोव्याला त्याच शिक्षणाला होती आणि दिवाळीच्या सुट्टीपुरती मोकळी होती. तिच्यासमोरच मालक मला म्हणाले, "ह्या आसा तवसर शिकान घे गो बाय. खिळ्यांचा काम आता सरला. तुका नाय जमला तर कुडाळचो एक टायपिंग पास झालेलो येवक तयार आसा."

मी मान हलवली. माझं काय, हे विचारायला तोंड उघडेना. त्यांनीच सांगितलं, "तुका कोण घालवन देणा नाय. घडये घालुक, शिवणाक माणूस लागताच."

घड्या घालणं वाईट काम नाही. ते मी पहिल्या वर्षी केलं होतं. पण इतकी वर्षं अक्षरांत काढून पुन्हा तिथे जाऊन बसायचं नाही, हे मी त्याच क्षणी ठरवलं. 

दुसऱ्या दिवशी पुतणीने यंत्र सुरू केलं आणि ती पाणी प्यायला बाहेर गेली. समोर यंत्राचा काळा पडदा, कोपऱ्यात इंग्रजीची दोन-तीन अक्षरं आणि पुढे एक आडवी रेघ लुकलुकत होती. रिकामी जागा दिसली. मी मराठीची कळ दाबली, शोधून शोधून श्री लिहिला आणि ओळ संपवायची म्हणून शेजारची मोठी कळ दाबली. खालून लगेच इंग्रजीची एक ओळ आली.

पुतणी परत आली ती माझा चेहरा बघूनच थांबली. "काय झाला गो ताई?"

मी बोटाने दाखवलं.

"अगो, ता म्हणता, ह्या काम माका म्हायत नाय." ती हसत सुटली. "श्री हो हुकूम न्हय. तेका वाटला, तू तेका काय तरी करुक सांगतंस."

संध्याकाळी गाडीत हे आईला सांगितलं. रिकामी पाटी मांडीवर घेऊन आई म्हणाली, "श्री ओळखणा नाय? मगे मालकान तां घेतला कशाक?" पुढच्या बाकावरच्या दोघी मागे वळून हसल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

मराठी लिहिणं मला अवघड गेलं नाही. कळांवर स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला होती. हाही एक प्रकारचा खणच आहे असं मनाशी धरलं आणि बोटं वळायला लागली. अडत होतं ते त्याच्या आधी. लिहायचं पान उघडायलाच इंग्रजीत हुकूम द्यावा लागे. मग कालचं काम हवं असेल तर त्याचं नाव, ते कुठे ठेवलंय ते, सगळं इंग्रजीत. पुतणी ते बोलत बोलत टाइप करायची. मी बघायचे आणि विसरायचे. नुसती नक्कल करायला गेले की एखादा ठिपका राहायचा आणि तीच ओळ परत यायची. ह्या काम माका म्हायत नाय. ती ओळ मला वाचता येत नव्हती, पण तिचा आकार मी आता ओळखायला लागले होते.

सुट्टी संपत आली. एका दुपारी मालक जेवायला गेले होते. मी पुतणीला आमच्या खणांपाशी नेलं आणि मधले खण दाखवले. म्हटलं, "हय बघ. जा सारख्या लागता ता हय. तसा त्या पडद्यार नाय करूक येणा? सुरुवातीकच?"

एवढं एका दमात मी कधी बोलले नसेन. तिने मधल्या खणांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "येता की. तू सांग, काय काय व्हया ता."

दोन दुपारी आम्ही दोघी त्यालाच बसलो. यंत्र सुरू केलं की आपोआप एक पान यायचं, सगळं मराठीत. त्यावर आकडे आणि आकड्यापुढे काम. एक दाबला की नवा कोरा कागद. दोन दाबला की काल अर्धवट राहिलेलं काम. मग शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, पावत्या, असं सातपर्यंत. तिने आधी आपल्या मनाने क्रम लावला होता. मी नोटिसा वर घ्यायला लावल्या, कारण त्या रोज असायच्या. शेवटी आणखी दोन आकडे तिने स्वतःहून घातले. नव्वद दाबला की ही यादीच लिहायच्या पानावर उघडायची, हवी तशी बदलता यायची. एक्याण्णव दाबला की आकड्यांमागचे हुकूम दिसायचे.

"ह्या एक्याण्णवाक सांभाळून हात लाव," ती म्हणाली. "आणि वरती मोकळी जागा ऱ्हवली, थय काय घालूया?"

 तिनेच हसून वर मधोमध श्री घातला. "आता कितीय वेळा बघ, यंत्र काय बोलाचा नाय."

ती गेली. मालकांनी यादी बघितली, आकडे दाबून बघितले, आणि म्हणाले, "बरा आसा. पण ह्या सातांच्या भायर काय इला तर? तेका कोण बघतला?" कुडाळच्या माणसाला त्यांनी अजून नाही म्हटलेलं नव्हतं.

आणि आलंच. दिवाळीनंतर आमच्याकडे जत्रा सुरू होतात. एका सकाळी वालावलकडून दोन माणसं जत्रेची पत्रकं छापायला आली. रात्री दशावतार, तो कधी उभा राहणार, हे सगळं त्यांना पत्रकात हवं होतं. दरवर्षी ती पत्रकं मी खिळ्यांनी जुळवायचे, आणि एकदा सुरू झालं की गावोगावची यायची. पुतणीला मी हे सांगायलाच विसरले होते. यादीत जत्रा नव्हतीच.

कोऱ्या कागदावर एक पत्रक मी लिहिलं असतं. पण दुसरं गाव आलं की तेच पत्रक परत काढून नुसती नावं बदलायची, तर त्याला स्वतःचा आकडा हवा. मालक त्या माणसांना चहाला घेऊन गेले. जाताना म्हणाले, "त्या यादीक हात लावू नकोस हां. मोडला तर गोव्यासून कोण येवचा नाय."

 मी नव्वद दाबला.

यादी समोर आली. सातच्या खाली आठ लिहिला, पुढे जत्रेची पत्रकं. ठेवलं, बाहेर आले. पान पुन्हा आलं तेव्हा आठवी ओळ त्यात होती. आनंदाने आठ दाबला. खालून इंग्रजीची ओळ आली.

तीच ओळ. पहिल्या दिवशी श्रीला आली होती ती.  ही ओळ मला माहीत होती. ती काही मोडलं असं सांगत नव्हती, तिला हे काम माहीत नाही एवढंच सांगत होती. आणि खरंच होतं. मी पाटी लावली होती, पण मागे दुकानच नव्हतं.

एक्याण्णव दाबला. तिथे सात ओळी, सगळ्या इंग्रजीत, पण एका साच्याच्या. सातवीत सातचा आकडा आणि पुढे त्या कामाचं नाव, ते तेवढं पुतणीने माझ्यासाठी मराठीत ठेवलेलं. बाकी सगळ्यांत सारखं. मला वाचता येत नव्हतं, पण खिळा बघून त्याच्या जोडीचा खिळा काढणं हे माझं रोजचंच काम होतं. सातवीतलं एक चिन्ह बघायचं, कळांवर त्याचा जोडीदार शोधायचा, दाबायचा, दोन्ही ताडून बघायचे. ठिपके, आडव्या रेघा, मधली मोकळी जागा, काही सोडायचं नाही. सात होता तिथे आठ. नावाच्या जागी मराठीची कळ दाबून जत्रा. बाहेर चहाला गेलेले परत आल्याचं ऐकू आलं, तरी मी मान वर केली नाही. ओळ डावीकडून उजवीकडे एकदा ताडली, मग प्रूफ बघतात तशी उलटीही ताडली.

ठेवलं. आठ दाबला. पडदा काळा झाला, आणि मग जत्रेच्या नावाचं स्वच्छ कोरं पान उघडलं.

मालक माझ्या पाठीमागे उभे होते. चपला काढायचं विसरून ते आत आले होते. "ह्या कोणी घातल्यान?"

"मीया."

ते वाकून पडद्याकडे बघत राहिले. "हात लावू नको सांगलेलंय ना?"

 मग त्यांनी बाहेरच्या माणसांना हाक मारली, "अहो, आत येवा. मजकूर हिका सांगा, माका नको." आणि मला हळूच म्हणाले, "आधी श्री घाल."

पत्रकाच्या माथ्यावर मी श्री घातला. यंत्र काही बोललं नाही.

कुडाळच्या माणसाला मालकांनी काय कळवलं ते मला कळलं नाही. तो काही आला नाही. दुसऱ्या दिवशी मी नव्वद आणि एक्याण्णव दोन्ही उघडून जत्रा एक नंबरावर आणली आणि कोरा कागद खाली ढकलला. ते करताना एकदा चुकले, ओळ आली, पुन्हा ताडून दुरुस्त केलं. जत्रांचा मोसम सरेपर्यंत ती तिथेच, हाताशी, राहिली.

आईला गाडीत सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आता तां तुझा ऐकता?"

"सांगितला तर ऐकता," मी म्हटलं. त्या दिवशी पुढच्या बाकावरच्या दोघी मागे वळल्या, तेव्हा मी खिडकीकडे तोंड फिरवलं नाही.