पान नंबर एकशे बारा

काय करून बसले होते मी, ते सांगते; पण हातातला चहा आधी खाली ठेवा. नंतर अंगावर सांडला तर मला बोलायचं नाही.

लग्नानंतर अठराव्या दिवशी सुमित कॅनडाला गेला. मी इथं सिडकोत, सासू-सासऱ्यांजवळ. मला तिकडं कायमचं राहायला न्यायचं तर अर्ज करायचा, आणि त्यात सिद्ध काय करायचं? की आमचं लग्न खरं आहे! म्हणजे माझ्या माहेरी, पिशोरच्या मांडवात जेवून गेलेले आठशे लोक खोटे? असो. फोटो दिले, पण नवरा-बायकोचं चॅटिंगही हवं म्हणे. तेही इंग्रजीत भाषांतर करून, सही-शिक्क्यासकट.

सासरे लगेच म्हणाले, "आपले सिद्दीकी सर हायत की!"

सिद्दीकी सर म्हणजे बाबांचे, म्हणजे सासऱ्यांचे, जिवलग मित्र. जन्मभर इंग्रजी शिकवलं, आता कागदपत्रांची भाषांतरं करतात. रोज संध्याकाळी चहाला आमच्याकडंच.

मी सुमितला जे काय काय लिहिते, ते सर वाचणार? चष्मा लावून?

मग मी डोकं चालवलं. (तिथंच चुकलं.) तीन दिवस गच्चीवर बसून माझ्या फोनमधला लाडाचा एकूण एक मेसेज पुसून टाकला. उरलं ते असं :

"जेवलास?"

"हो."

"काय?"

"भात."

"बरं."

अशी एकेचाळीस पानं! सरांनी इमानदारीत भाषांतर केलं. फक्त एवढंच विचारलं, "बेटा, सुमित रोज भातच खातो का?"

चार महिन्यांनी मेल आला. मी कणीक मळत होते. फोन टिंग वाजला, मी दचकले, फोन थेट परातीत! पीठ पुसून वाचलं. मतलब असा, की या दोघांची ओळख दिसते, पण नवरा-बायको वाटत नाहीत. महिनाभरात आणखी पुरावे द्या, नाहीतर अर्ज नामंजूर.

दीड वर्षं त्याला फक्त स्क्रीनवर बघत होते हो मी! रडत रडत फोन लावला.

"तू पाठवलंस तरी काय?" सुमित.

"भात."

"भात?"

सगळं कबूल केल्यावर तो ओरडलाच. "अगं, तो ऑफिसर काय तुझा मामा लागतो का लाजायला? माझ्या फोनमध्ये सगळं आहे. डायरेक्ट सरांनाच मेल करतो."

"थांब! आधी मी एकदा बघते—"

"गेला."

आता पुढचं ऐका. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर. आणि रोज सकाळी, ऐन नाश्त्याला, सरांचा फोन.

"जाधवसाब, पान बावन्न. पप्पीची दहा चित्रं हायत. दहाच्या दहा लिहू, का एक लिहून 'वगैरे' टाकू?"

मी पोह्यांच्या बशीत तोंड घातलं.

बाबा एकदम गंभीर. "सगळ्या लिहा सर. एक बी कमी करू नका. व्हिसाचा प्रश्न हाय."

"आन् पान साठला सूनबाई रुसल्यात. का, ते नाय लिहिलं."

बाबा माझ्याकडं वळले. "का गं रुसली होतीस?"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावलेला. "सांग की पोरी! पुराव्याला लागंल."

सांगितलं! काय करता? सुमितकडं जायचं होतं ना.

आणि एके दिवशी सरांचा फोनच आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी चहालासुद्धा सर फिरकले नाहीत. मुदतीला उरले चार दिवस! मी घाबरून सुमितकडून फाइल मागवली. चाळत चाळत पान एकशे बारावर आले, आणि तिथंच थांबले.

मीच लिहिलं होतं : "तुझ्या बाबांचे सर आजपण आले. तीन कप चहा ढोसला, उठायचं नाव नाही. त्यांच्या गप्पा ऐकून ऐकून माझं डोकं उठलं."

संपलं! आता कुठला शिक्का आणि कुठला कॅनडा?

तिसऱ्या दिवशी सर गठ्ठा घेऊन दारात उभे. ताप आला होता म्हणे. मी आधी एकशे बारावं पान काढलं. शब्दन् शब्द इंग्रजीत! खाली सही, शिक्का.

"सर, हे गाळलं असतंत तरी..."

"गाळणार कसं बेटा? एकही शब्द सोडला नाय, असं मीच खाली लिहून देतो."

जमिनीनं मला पोटात घ्यायला हवं होतं. नाही घेतलं. काही महिन्यांनी व्हिसा मात्र आला! माझं नवऱ्यावर प्रेम आहे आणि सरांमुळं माझं डोकं उठतं, या दोन्ही गोष्टी आता परदेशी सरकारच्या दप्तरात पक्क्या झाल्या.

त्या संध्याकाळी सरांसाठी मुद्दाम आलं घालून चहा केला. एक कप झाला, दुसरा झाला. आग्रहानं तिसरा ओतायला गेले, तर सरांनी कपावर हात ठेवला.

"बस बेटा. तिसरा घेतला की कॅनडाला कळतं."