दोन डॉक्टरांचे भाऊजी

साऱ्या इंदूरची काळजी करण्याचा मक्ता आमच्या भाऊजींकडे होता, असं म्हटलं तर त्यात मी काही वाढवून सांगतोय असं नाही. ताईच्या लग्नात त्यांचं लक्ष नवरीपेक्षा मांडवाच्या बांबूंवर जास्त होतं. तिकडे देपालपूरला पाऊस लांबला की हे इंदुरात अन्नपूर्णा भागातल्या आपल्या घरी बसून तिथल्या सोयाबीनसाठी हळहळत. स्वतःचं शेत वीतभरही नव्हतं. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत कचोरी खातानाही नजर भट्टीवर. "भिया, ये भट्टी जरा पीछे लो ना," म्हणाले की हलवाई आणखी एक कचोरी त्यांच्या द्रोणात टाके.

या काळजीवर अन्नपूर्णेच्या डॉक्टरांनी रोजची एक गोळी दिली होती, मन शांत करणारी. पुढे छाती धडधडू लागली, तेव्हा भाऊजी राजवाड्याजवळच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले आणि ठोके आवरणारी गोळी घेऊन आले. पण एका डॉक्टरांना दुसऱ्याचा पत्ता नाही. भाऊजींचे पणजोबा दरबारात मानकरी. एका सरदारापुढे दुसऱ्याचं नाव काढायचं नाही ही घरची रीत, ती त्यांनी डॉक्टरांनाही लावली. "मन दुखतं रे त्यांचं," म्हणायचे.

आणि भाऊजी शांत झाले. आम्ही खूश. मग ते जेवता जेवता पेंगू लागले, भिंत धरून चालू लागले, आणि एका दुपारी ताई माझ्या दारात उभी. "ते उठतच नाहीयेत रे. डोळे उघडतात नि मिटतात." तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

त्यांना रिक्षात घालून अन्नपूर्णेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या खिशातल्या पानाच्या डब्यात सुपारीशेजारी दोन्ही गोळ्या सापडल्या. "ही दुसरी कोणी दिली?" डॉक्टरांनी विचारलं. झोपेतसुद्धा भाऊजींनी ओठांवर बोट ठेवलं.

"खड्ड्यात गेली तुमची रीत," म्हणत ताईने राजवाड्याच्या डॉक्टरांचं नाव सांगून टाकलं.

डॉक्टर तपासून हसले, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. "धडधडीच्या गोळीने यकृताचं काम मंदावलंय. माझी गोळी अंगातून लवकर निघत नाही, आणि वरून रोज नवी पडतेय. साचलीय फक्त. उतरेल." त्यांनी लगेच त्या दुसऱ्या डॉक्टरांना फोन लावला आणि दोघांनी मिळून शांतपणाची गोळी बेताबेताने कमी केली.

काही दिवसांनी मी फाटकातून आत शिरतोय तोच ओट्यावरून आवाज आला, "साळेसाहेब, सायकलला कुलूप लावलं का?" ताईने पाठ फिरवून पदराने डोळे पुसले.

पुढे कितीतरी वर्षं ही चौकशी चालली. आता तो ओटा रिकामा असतो. तरी फाटकाशी आलो की मी सायकलचं कुलूप ओढून पाहतो. ताई खिडकीतून बघते आणि म्हणते, "लागलंय रे. ये आत."