खुब्यातलं इंजेक्शन

वर्गात फळ्याकडे वळले की उजव्या खुब्यातून कळ निघायची, ती मांडीत उतरायची. हाडांच्या डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितला होता. ऑपरेशनच्या भीतीने मी ते लांबवत राहिले. तेवढ्यात पळस्प्याच्या रस्त्याला एक नवं क्लिनिक निघालं. आपलंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं आणि त्यातला कामाचा भाग सुईने सांध्यात सोडायचा. झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, परत भरून येते, असं तिथला डॉक्टर म्हणाला. फार गोड बोलायचा.

"म्हणजे नंतर एक्स-रेमध्ये सांधा भरलेला दिसेल ना?" मी विचारलं.

"मॅडम, एक्स-रे कशाला? तुम्हाला बरं वाटलं म्हणजे झालं."

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. बाहेर बाकावर उरणची एक कोळीण बसली होती. ती आपणहून म्हणाली, "घ्या ताई, घाबरू नका. आमी बी घेतलं. आता दिसभर बाजारात बसते, काय त्रास नाय."

रिक्षात बसताच मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, ती बाई मुद्दाम बसवलेली आहे."

"अगं, तुला सगळेच लबाड वाटतात!"

रविवारी मासे आणायच्या निमित्ताने त्यांना घेऊन मी उरणच्या बाजारात गेले. ती खरंच तिथे कोलंबी विकत होती. मला ओळखून हसली आणि बर्फ घ्यायला चटकन उठली. मी वरमले. तरी विचारलंच, "कुठल्या खुब्यात घेतलं होतंत?"

"खुब्यात? नाय ओ ताई, गुडघ्यात! डॉक्टर बोलला, पेशंट घाबरतात, दोन शब्द सांग. म्हणून येऊन बसते."

ती खोटं बोललीच नव्हती. खुब्याचं नाव तिने कुठे घेतलं होतं?

मी क्लिनिकला फोन केला. खुब्यात इंजेक्शन घेतलेला एक तरी पेशंट भेटवा, म्हटलं. "कळवतो," म्हणाले. कळवलं नाही.

मग पुन्हा हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "काहींना त्याने थोडे दिवस आराम पडतो. पण तुमचं हाडाला हाड घासतंय. कूर्चा परत आलेली मी तरी पाहिली नाही." हेही ऑपरेशन करणारेच, दुसरं काय सांगणार? म्हणून त्यांच्याकडेही तोच हट्ट धरला. त्यांनी लगेच खुबा बदलून घेतलेल्या, कोन गावच्या एका निवृत्त काकांशी गाठ घालून दिली.

काका वैतागूनच बोलले, "सुरुवातीला रडवलं हो मला! अजून मांडी घालून बसता येत नाही. जेवायला टेबलच लागतं. पण दुखणं गेलं, हे मात्र खरं."

इतक्या दिवसांत तक्रार करणारा हा पहिलाच माणूस भेटला, आणि त्याच्यावरच माझा विश्वास बसला. दिवाळीच्या सुट्टीत मी ऑपरेशन करून घेतलं. मलाही सुरुवातीला रडवलं. शाळा सुरू झाल्यावर काही दिवस काठी घेऊन वर्गात उभी राहिले, मग काठीही सुटली.